‘पझेशन’ : पत्रांतील प्रीती आणि संशोधकाचा अधिकार

साहित्याच्या अभ्यासकांना नायक-नायिका करून प्रेमकथा रचावी, ही कल्पना प्रथमदर्शनी अव्यवहार्य वाटण्यासारखी आहे. अभ्यासकाचे आयुष्य म्हणजे ग्रंथालयातील टेबल, टिपणांच्या चिठ्ठ्या, जुन्या कागदांवरील धूळ आणि पाठभेदांवरून होणारी भांडणे. यात शृंगाराला अवकाश कोठून मिळावा? आणि कादंबरीत तो कसाबसा मिळाला, तरी चित्रपटासारख्या दृश्यप्रधान कलेने, दोन माणसे समोरासमोर बसून जुनी पत्रे वाचीत आहेत, एवढ्या सामग्रीवर प्रेक्षकाला किती वेळ धरून ठेवावे? ए. एस. बायट या इंग्रज लेखिकेच्या ‘पझेशन’ या कादंबरीवरून नील लब्यूट या अमेरिकन दिग्दर्शकाने २००२ साली काढलेला त्याच नावाचा चित्रपट पाहताना हे दोन्ही प्रश्न मनात उभे राहतात. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर चित्रपट समाधानकारक देतो, दुसऱ्याचे अर्धवट देतो; आणि तिसरा एक प्रश्न, जो आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, तो उपस्थित करून जणू स्वतःच त्यापासून दूर सरतो. या तिसऱ्या प्रश्नासाठीच प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

मूळ कादंबरी १९९० साली प्रसिद्ध झाली व त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळाले. लेखिका स्वतः इंग्रजी वाङ्मयाची व्यासंगी अभ्यासक होती. २०२३ साली ती निवर्तली. पाचशेंहून अधिक पृष्ठांच्या या कादंबरीत तिने एकोणिसाव्या शतकातील दोन काल्पनिक कवी निर्माण केले आणि नुसतेच निर्माण केले नाही, तर त्यांच्या नावावर घालण्यासाठी दीर्घ कविता, पत्रे, रोजनिशा आणि परीकथा स्वतः लिहिल्या. रँडॉल्फ हेन्री अ‍ॅश हा कवी वाचताना इंग्रजीच्या वाचकाला ब्राउनिंग व टेनिसन यांची आठवण व्हावी, आणि क्रिस्टाबेल लामॉट ही कवयित्री वाचताना क्रिस्टिना रोझेटी व एमिली डिकिन्सन यांची, अशी ही योजना आहे. कवी काल्पनिक असता त्याचे काव्य मात्र प्रत्यक्ष वाचकाच्या हाती द्यावयाचे, हे धाडस सामान्य नव्हे.

कथानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे. रोलंड मिचेल हा अ‍ॅशवर संशोधन करणारा, पदरी ना पैसा ना पद असा तरुण. लंडन लायब्ररीत अ‍ॅशच्या संग्रहातील एक जुना ग्रंथ चाळीत असता त्याला अ‍ॅशच्या हस्ताक्षरातील, कोणा अनामिक स्त्रीस लिहिलेल्या पत्राचे कच्चे मसुदे सापडतात. अ‍ॅश हा एकपत्नीनिष्ठ गृहस्थ म्हणून सर्वमान्य. मसुद्यांतील स्वर मात्र निराळा. रोलंड ते कागद कोणास न सांगता खिशात घालतो, म्हणजे स्पष्ट शब्दांत चोरतो. ती स्त्री क्रिस्टाबेल लामॉट असावी असा तर्क बांधून तो मॉड बेली या विदुषीकडे जातो. मॉड ही क्रिस्टाबेलच्या बहिणीच्या कुळातली आणि तिच्या काव्याची अधिकारी अभ्यासक. बाहुल्यांविषयीच्या एका लहानशा कवितेत क्रिस्टाबेलने ठेवलेली खूण मॉड ओळखते आणि बेली घराण्याच्या जुन्या वाड्यात, बाहुल्यांच्या बिछान्याखाली, दोघांचा संपूर्ण पत्रव्यवहार हाती लागतो. पुढे १८५९ सालच्या यॉर्कशरच्या प्रवासाचा, क्रिस्टाबेलच्या ब्रिटनीतील अज्ञातवासाचा, तिची सखी ब्लांश ग्लोव्हर हिच्या आत्मघाताचा आणि एका अपत्याचा शोध लागत जातो. आणि शोध घेणाऱ्या या दोघांतही, त्यांच्या इच्छेविरुद्ध म्हणावे इतक्या संकोचाने, अनुराग उत्पन्न होतो.

‘पझेशन’ या शब्दाला मराठीत एक प्रतिशब्द देता येणार नाही, आणि ही अडचण अर्थपूर्ण आहे. ताबा किंवा स्वामित्व हा त्याचा एक अर्थ. झपाटले जाणे, अंगात वारे येणे हा दुसरा. एकात माणूस धनी असतो, दुसऱ्यात तो झाड असतो. या कथेतील प्रत्येक पात्र या दोन अर्थांच्या मध्ये कोठेतरी उभे आहे. धनाढ्य संग्राहक मॉर्टिमर क्रॉपर हा पहिल्या अर्थाचा मूर्तिमंत नमुना : कवीच्या वापरातील वस्तू मिळवाव्या, पेटीत ठेवाव्या, आणि अखेर कवीची कबरही उकरावी. रोलंड चोरी करतो तीही पहिल्या अर्थानेच. पण पाहता पाहता तो दुसऱ्या अर्थाच्या स्वाधीन होतो. कागद त्याच्या ताब्यात आहेत असे तो समजतो. वास्तविक तोच कागदांच्या ताब्यात गेलेला असतो. खऱ्या व्यासंगाचे इतके नेमके वर्णन आमच्या वाचनात क्वचित आले आहे.

आता चित्रपटाकडे वळू. त्याचा पहिला गुण हा की भूतकाळ व वर्तमानकाळ यांचे परस्परांत मिसळणे त्याने सहजतेने साधले आहे. एकाच रस्त्याने, एकाच किनाऱ्याने, एकाच घराच्या छपराखाली शंभराहून अधिक वर्षांच्या अंतराने दोन जोडपी वावरतात, आणि प्रेक्षकाला काळ बदलल्याची सूचना पाटी लावून द्यावी लागत नाही. कादंबरीला हे प्रकरणांच्या अदलाबदलीने करावे लागते. कॅमेऱ्याला ते दृष्टीच्या एका वळणाने करता येते. दुसरा गुण अभिनयाचा. जेरेमी नॉर्दम यांचा अ‍ॅश आणि जेनिफर इली यांची क्रिस्टाबेल ही जोडी मनावर ठसते. विशेषतः इली यांच्या मुद्रेवर संयम आणि कौतुक, भय आणि धिटाई एकाच वेळी नांदतात. बोलण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची त्यांची लकब पाहून, ही स्त्री शब्द तोलून वापरणारी आहे, हे कोणी न सांगता कळते. गॅब्रिएल यारेड यांचे संगीतही भावनेवर कुरघोडी करीत नाही.

उलट आधुनिक जोडपे उणे पडते, आणि त्याचे कारण ग्वेनेथ पाल्ट्रो व आरन एकहार्ट यांच्या अभिनयात शोधण्यापेक्षा पटकथेत शोधणे न्याय्य होईल. कादंबरीतील रोलंड हा इंग्लंडातील सामान्य घरचा, न्यूनगंडाने वाकलेला, व्हॅल नावाच्या स्त्रीबरोबर ओढगस्तीचा संसार रेटणारा तरुण आहे. चित्रपटाने व्हॅलला अजिबात गाळले आणि रोलंडला अमेरिकन केले. परिणामी मूळ कथेतील दारिद्र्याचा व प्रतिष्ठेचा ताण जाऊन त्याच्या जागी परक्या माणसाचा हजरजबाबीपणा आला. कागद उचलण्याचे कृत्यही यामुळे हलके झाले. ज्याच्यापाशी दुसरे काहीच नाही अशा माणसाने आपल्या कवीचे चार ओळींचे हस्ताक्षर उचलावे, यात लोभ आणि भक्ती यांची जी गाठ पडते, ती चित्रपटात सैल झाली आहे. तेथे ती एक खोडी वाटते. तसेच मॉडने आपल्या भोवती बांधलेली थंडपणाची तटबंदी कादंबरीत शेकडो पृष्ठांतून हळूहळू ढासळते. चित्रपटात ती संवादांतून सांगितली जाते आणि संवादांतूनच दूर होते. जे अनुभवास यावयाचे ते नुसते कळविले जाते.

याहून मोठी हानी काव्याची झाली आहे. अ‍ॅश आणि क्रिस्टाबेल यांचे प्रेम कशातून जन्मले? रूपातून नव्हे, त्यांच्या भेटी मोजक्याच. ते जन्मले पत्रांतून, म्हणजे परस्परांच्या भाषेतून. एकाने कवितेविषयी लिहावे, दुसऱ्याने त्यावर शंका काढावी, तिसऱ्या पत्रात ती शंकाच नव्या कवितेचे बीज व्हावी, असा हा क्रम आहे. दोन लेखकांनी एकमेकांचे वाचक होणे, हीच येथे प्रीतीची पहिली पायरी. पावणेदोन तासांच्या आत आटोपणाऱ्या चित्रपटात दीर्घ काव्ये वाचून दाखविता येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु काव्य इतके मागे सारले गेले आहे की, हे दोघे कवी नसून चित्रकार वा वैद्य असते तरी कथेचे काय बिघडले असते, असे विचारावेसे वाटते. कादंबरीच्या शेवटी रोलंडच्या मनात स्वतःचे शब्द आपोआप उमटू लागतात आणि परक्याच्या कवितेचा टीकाकार स्वतः कवी होऊ पाहतो. झपाटले जाण्याचे हे खरे फळ होय. त्यालाही चित्रपटात जागा मिळालेली नाही.

एका तांत्रिक भेदाकडे येथे लक्ष वेधले पाहिजे. कादंबरीत भूतकाळ प्रायः कागदांतूनच येतो. पत्र, रोजनिशी, कविता संशोधकाच्या हाती जशी येते तशीच वाचकाच्या हाती येते. दोघे बरोबरीने अडखळतात, बरोबरीने तर्क करतात. यॉर्कशरचा प्रवास, अ‍ॅशच्या पत्नीचे अंतरंग आणि अखेरची पुरवणी अशा मोजक्या स्थळीच लेखिका स्वतः पुढे होऊन, कोणत्याही कागदावर नसलेली गोष्ट आपणांस सांगते. चित्रपटात मात्र अ‍ॅश व क्रिस्टाबेल प्रारंभापासून सदेह वावरतात. त्यामुळे प्रेक्षक संशोधकांच्या पुढे धावतो. त्यांना जे खणून काढावे लागते ते याला आयतेच मिळते. शोधाचा आनंद हा कष्टाच्या प्रमाणात असतो, हे ज्याने एकदा तरी मोडीचे दप्तर सोडले आहे त्याला सांगावयास नको. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद जमवीत आणि महानुभावांच्या सांकेतिक लिपीचा उलगडा करीत, त्या खटाटोपातील थरार अंतिम निष्कर्षापेक्षा मार्गातच अधिक होता. चित्रपटाने मार्ग आखूड केला आणि त्याची भरपाई शेवटी कबरस्तानातील प्रसंगाला थरारपटाचे वळण देऊन करू पाहिली. ही भरपाई औचित्याला धरून नाही.

आता रसदृष्ट्या विचार करू. भरतमुनींनी करुण व विप्रलंभ यांतील सीमारेषा स्पष्ट केली आहे : करुणात पुनर्मीलनाची अपेक्षाच उरलेली नसते, विप्रलंभात ती जिवंत असते. या कसोटीवर अ‍ॅश-क्रिस्टाबेलची कथा मोठी विलक्षण ठरते. त्यांच्या हयातीत ती विप्रलंभाची होती. त्यांच्या मृत्यूबरोबर ती करुणाची झाली. परंतु पत्रे सापडताच तिच्यात पुन्हा अपेक्षेचा संचार होतो. मेलेल्यांचे मीलन होणार नाही हे ठाऊक असूनही, क्रिस्टाबेलचे अखेरचे पत्र अ‍ॅशला पोहोचले होते काय, आपली कन्या जिवंत आहे हे त्याला कळले होते काय, या उत्कंठेने प्रेक्षक व्याकुळ होतो. करुणाला पुन्हा विप्रलंभाकडे नेणारी ही शक्ती कोणाची? संशोधकाची. पाठभेद जुळविणाऱ्या, तारखा ताडून पाहणाऱ्या शुष्क गणल्या जाणाऱ्या माणसाची! विद्वत्तेचा एवढा मोठा गौरव एखाद्या प्रेमकथेने करावा, ही आम्हां शिक्षकी पेशाच्या लोकांना सुखावणारी गोष्ट आहे.

परंतु या शृंगाराची किंमत दोघी स्त्रियांनी दिली, हे विसरता कामा नये. ब्लांश ही क्रिस्टाबेलबरोबर स्वतंत्र, स्वावलंबी घर करून राहणारी चित्रकर्ती. अ‍ॅशचे पत्र दारात येते त्या दिवशीच तिचे घर मोडले. पुढे ती पाण्यात देह टाकते. लीना हेडी यांनी तिचा मत्सर रंगविला, पण त्या मत्सरामागील भग्न विश्वास दाखविण्यास पटकथेने त्यांस फारसा वाव दिला नाही. दुसरी एलेन, अ‍ॅशची पत्नी. क्रिस्टाबेलचे पत्र येते तेव्हा पती मृत्युशय्येवर आहे. ती ते त्याला देत नाही, स्वतः फोडून वाचीत नाही आणि जाळीतही नाही. पतीबरोबर भूमीत ठेवते. या एका कृतीत क्षमा आहे, सूड आहे आणि सत्याविषयीचा आदरही आहे. आमच्या मते संपूर्ण कथेतील सर्वांत गुंतागुंतीचे पात्र हेच होय. चित्रपट तिच्यावरून फार लवकर पुढे जातो.

एलेनच्या या कृतीनेच आम्ही आरंभी उल्लेखिलेला तिसरा प्रश्न उभा राहतो. दिवंगतांची खाजगी पत्रे कोणाची? कायद्याचे उत्तर सुटसुटीत आहे : कागद ज्याला पत्र आले त्याचा, व त्यातील शब्द छापण्याचा हक्क ज्याने लिहिले त्याचा व त्याच्या वारसांचा. पण नीतीचे उत्तर असे सुटसुटीत नाही. क्रॉपर म्हणतो, जो किंमत देईल त्याची. प्राध्यापक ब्लॅकअ‍ॅडर म्हणतील, ज्या देशाचा कवी त्या देशाची. वाड्याचा धनी म्हणेल, ज्याच्या छपराखाली सापडली त्याची. आणि शेवटी मॉड ही अ‍ॅश व क्रिस्टाबेल यांची साक्षात वंशज ठरते, तेव्हा कथा जणू निवाडा देते की, ज्याचे रक्त त्याची. हा निवाडा सुखद आहे, पण तो पळवाटेचा आहे. मॉड वंशज नसती तर? मग त्या कबरीतील पेटी उघडण्याचा अधिकार तिला क्रॉपरहून अधिक कसा पोहोचला असता? नायक-नायिकांनी केले ते संशोधन आणि खलनायकाने केले ती लूट, असा भेद केवळ हेतूच्या शुद्धतेवर उभा करता येत नाही; शुद्ध हेतू तर रोलंडने पहिले कागद खिशात घातले तेव्हाही होताच.

या प्रश्नाला पूर्वसूरींनीही हात घातला आहे. हेन्री जेम्स यांच्या १८८८ सालच्या ‘द अ‍ॅस्पर्न पेपर्स’ या दीर्घकथेत एका दिवंगत कवीची पत्रे मिळविण्यासाठी व्हेनिसमधील एका वृद्धेच्या घरात शिरकाव करून घेणाऱ्या संशोधकाची अखेर फजिती होते; पत्रे जाळली जातात. जेम्स यांची सहानुभूती पत्रांकडे, बायट यांची संशोधकांकडे झुकलेली आहे. वास्तवात ब्राउनिंग पतिपत्नींची विवाहपूर्व पत्रे १८९९ साली, उभयतांच्या पश्चात, त्यांच्या पुत्राने प्रसिद्ध केली. मराठीत कवी अनिल व कुसुमावती देशपांडे यांचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने ग्रंथरूप झाला, तो कुसुमावतींच्या निधनानंतर पण स्वतः अनिलांच्या हयातीत. कुसुमावती या १९६१ च्या ग्वाल्हेर येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा व मर्मज्ञ टीकाकार. म्हणजे येथेही प्रीती आणि व्यासंग एकाच घरी नांदत होती. परंतु तेथे पत्रलेखकांपैकी एकाची संमती होती. तो ग्रंथ वाचताना आपण निमंत्रित पाहुणे असतो. अ‍ॅशची पत्रे वाचताना आपण खिडकीतून डोकावणारे असतो.

मग डोकावूच नये काय? असे आम्ही म्हणणार नाही. शालेय पुस्तकांतील कवि-परिचयात जन्म, मृत्यू आणि ग्रंथांची यादी एवढ्यावर कवी संपतो, याची खंत वर्गात कविता शिकविणाऱ्या प्रत्येकास असते. पत्रे नसती तर अ‍ॅश हा पुतळाच राहिला असता व क्रिस्टाबेल एक तळटीप. शिवाय, कागद न वाचणे म्हणजे ते सुरक्षित ठेवणे नव्हे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या मराठी घरांतून जुन्या पत्रांच्या थैल्या रद्दीत गेल्या, त्या कोणाच्या खाजगीपणाचा मान राखण्यासाठी गेल्या नाहीत. वाचणारा उरला नाही म्हणून गेल्या. तेव्हा प्रश्न वाचावे की न वाचावे हा नसून कोणत्या वृत्तीने वाचावे हा आहे. संशोधकाने आपणास कागदांचा धनी न समजता विश्वस्त समजावे. विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो, आणि तो हयातांप्रमाणे मृतांनाही द्यावा लागतो. रोलंड व मॉड या वृत्तीच्या जवळ पोहोचतात, म्हणूनच ते आपणांस प्रिय होतात.

चित्रपटाचा शेवट त्याच्या सर्व उणिवा विसरावयास लावणारा आहे. सर्व कागद जुळले, सर्व कोडी सुटली असे संशोधकांना वाटत असता, प्रेक्षकाला एक प्रसंग दाखविला जातो. अ‍ॅश एका कुरणात एका लहान मुलीला भेटतो. ती आपली कन्या आहे हे तो ओळखतो; तिला मात्र काही ठाऊक नाही. तो तिच्या केसांची बट मागून घेतो आणि तिच्या मावशीसाठी एक निरोप देतो. मुलगी खेळण्याच्या नादात तो निरोप विसरून जाते. क्रिस्टाबेलला आयुष्यभर जे कळावयास हवे होते ते तिला कधीच कळत नाही. या भेटीची नोंद कोणत्याही कागदावर नाही. म्हणून रोलंड, मॉड आणि जगातील यच्चयावत विद्वान यांना ती कधीच कळणार नाही. पेटीतील केसांच्या बटेचा अर्थही ते चुकीचाच लावणार.

ताब्यात सर्व काही आले आणि मुख्य गोष्ट निसटली, हा या कथेचा खरा सिद्धान्त आहे. विद्वत्तेचा गौरव करता करता तिच्या मर्यादेवर इतक्या हळुवारपणे बोट ठेवणारा हा चित्रपट, त्यातील दोष लक्षात घेऊनही, साहित्याच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावा. आणि पाहून झाल्यावर मूळ कादंबरी हाती घ्यावी, अशी आमची शिफारस आहे. काव्य तेथे आहे.